वेदनेवरचे औषध आणि कायद्याची दहशत

वेदना हा शब्द आपल्या साहित्यचर्चेत वारंवार येतो. पण शरीराच्या वेदनेकडे, कर्करोगाने हाड पोखरलेल्या आणि रात्र रात्र तळमळणाऱ्या माणसाच्या वेदनेकडे आपण सामाजिक प्रश्न म्हणून क्वचितच पाहिले आहे. ही वेदना जात पाहून येत नाही. तिच्यावरचे औषध मात्र सर्वांना सारखे मिळत नाही, आणि ते का मिळत नाही याचे उत्तर वैद्यकशास्त्रापेक्षा कायद्यात अधिक सापडते.

हे औषध म्हणजे मॉर्फिन. ते अफूपासून तयार होते आणि त्याच्या साध्या गोळ्या महाग नसतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेवर पायरीपायरीने उपचार करण्याची पद्धत सांगितली. तीत तीव्र वेदनेच्या पायरीवर मॉर्फिनच आहे. भारतात अफूची वाण आहे असेही नाही. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफूची शेती होते, गाझीपूर व नीमच येथे सरकारी कारखाने आहेत, इथली अफू परदेशी औषध कंपन्यांना विकली गेली आहे. अफू पिकवणाऱ्या देशाचा रोगी मात्र विव्हळत पडतो.

१९८५ साली गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीचा अधिनियम आला. चोरटा व्यापार मोडून काढणे हा त्याचा हेतू. त्याच्या कलम ८ मध्ये वैद्यकीय व शास्त्रीय उपयोगाला सूट आहे. परंतु ती नियमांनी ठरवलेल्या रीतीनेच. हे नियम करण्याचा अधिकार राज्यांना मिळाला आणि प्रत्येक राज्याने आपापली कुंपणे घातली. साठा बाळगण्याचा परवाना, परराज्यातून आणण्याचा परवाना, वाहतुकीचा परवाना, असे अनेक परवाने एकाच वेळी चालू असावे लागत. शेवटचा कागद हाती येईपर्यंत पहिल्याची मुदत संपून जाई. शिक्षा किमान १० वर्षे सक्तमजुरी आणि किमान १ लाख रुपये दंड. हिशेबाची चूक आणि चोरटा व्यापार यांत फरक केला जाईल, याची खात्री कोणाला? डॉक्टरांनी लिहिणे सोडले, दुकानदारांनी ठेवणे सोडले. १९८५ नंतर देशातील मॉर्फिनचा वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला आणि १९९७ साली साऱ्या देशाचा वर्षाचा वापर अवघा १८ किलोवर आला.

येथे संविधानाची आठवण करून देणे भाग आहे. अनुच्छेद ४७ राज्याला मादक पेये व आरोग्यास अपायकारक अमली द्रव्ये यांवर बंदी आणण्यास सांगतो, पण औषधी प्रयोजन वगळून. कायद्याच्या अंमलबजावणीने बंदी तेवढी उचलली आणि अपवाद धुळीत पाडला. (बंदीचा भाग राबवायला पोलीस असतात, अपवाद राबवायला कोणीच नसते.)

केरळातील डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांचे सहकारी १९९० च्या दशकापासून याविरुद्ध झगडत राहिले. २००७ मध्ये प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१४ साली संसदेने कायदा दुरुस्त करून 'अत्यावश्यक गुंगीकारक औषधे' असा वेगळा वर्ग केला आणि त्यांच्याविषयीचे नियम देशभर एकच राहतील असे ठरवले. मे २०१५ मध्ये मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन या सहा औषधांना तो दर्जा मिळाला. आता रुग्णालयाने राज्याच्या औषध नियंत्रकाकडे 'मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था' म्हणून अर्ज करायचा. मान्यता ३ वर्षांची असते. वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर नेमायचा, पुढील वर्षाच्या गरजेचा अंदाज कळवायचा, आवक-जावक नोंदवहीत लिहायची. एवढ्यावर काम भागते. पाच खात्यांचे उंबरे झिजवावे लागत नाहीत.

मग अडते कुठे? वैद्यकीय शिक्षणात वेदनाशमन हा विषय बराच काळ नावालाच होता. पदवीच्या अभ्यासक्रमात त्याला नीट जागा २०१९ पासून मिळाली. तोवर घडलेल्या डॉक्टरांच्या मनात मॉर्फिन म्हणजे व्यसन हेच समीकरण बसले आहे. त्याहून खोल गोष्ट अशी की ऊस तोडणाऱ्याचे, विटा वाहणाऱ्याचे, गटारात उतरणाऱ्याचे अंग दुखणारच, असे ही समाजव्यवस्था गृहीत धरून चालते. त्याच्या कण्हण्याला लक्षण मानायलाच ती तयार नसते. ज्याच्यापाशी पैसा आहे तो शहरातील मोठे रुग्णालय गाठतो. बीड-धाराशिवकडचा मजूर मुंबईला परळपर्यंत पोहोचतो तेव्हा रोग पुढे गेलेला असतो, आणि महिन्याच्या गोळ्यांसाठी पुन्हा तितकाच प्रवास करणे त्याला परवडत नाही.

व्यसनाची भीती निराधार आहे असे मात्र म्हणू नये. अमेरिकेत १९९० च्या दशकात कंपन्यांनी ऑक्सिकोडोनचा सढळ प्रचार केला, साध्या पाठदुखीलाही ते लिहिले गेले आणि पुढे मृत्यूंची रांग लागली. आपल्याकडेही ट्रामाडोलचा गैरवापर वाढल्यावर २०१८ मध्ये ते या कायद्याखाली आणले गेले. म्हणून नोंदवही हवी, तपासणीही हवी. पण अतिरेकाने बुडालेल्या देशाचा धडा थेंबासाठी तहानलेल्या देशाला जसाच्या तसा लागू होत नाही.

कार्यकर्त्यांनी आपल्या जिल्हा रुग्णालयात एवढे विचारावे: संस्थेला मान्यता आहे काय, तिची मुदत कधी संपते, प्रशिक्षित डॉक्टर कोण, गोळ्या शिल्लक आहेत काय. मान्यता नसेल तर अर्ज का केला नाही हे लेखी मागावे. महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासनाकडे करायचा असतो. आणि रोग्याच्या नातेवाइकांना सांगावे की नियमाप्रमाणे दिलेल्या गोळ्या, दिल्या तेवढ्या प्रमाणात, जवळ बाळगणे हा गुन्हा नाही. एस.टी.ने गावी परतताना डॉक्टरांची चिठ्ठी आणि रुग्णालयाचा कागद गोळ्यांसोबतच ठेवावा.