बाहेरचा पैसा आपल्या बांधावर येतो कसा?

हल्ली सभा असो, शिबिर असो की पेपरातला अग्रलेख, एक वाक्य हटकून ऐकू येते. शेती सुधारायची तर शेतीत खाजगी भांडवल आले पाहिजे. ऐकायला गोड वाटते. पण आमच्या गटातले एक वडीलधारे सभासद यावर एकच प्रश्न विचारतात, "पैसेवाला आपल्या दोन एकरांत येईल कशाला, आणि आला तर काय घेऊन जाईल?" हा लेख त्या प्रश्नापुरताच आहे.

आधी पैसा आपण होऊन कुठे जातो ते बघू. त्यासाठी ऊस नसलेल्या मुलखात जावे लागेल. कल्याणच्या पुढे उल्हासनगर लागते. दुसऱ्या महायुद्धातली ही लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून उठून आलेल्या लोकांना सरकारने तिथल्या बराकींत जागा दिली आणि १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणीचे जे भाग पाडले ते आजही कॅम्प १, कॅम्प २ असेच ओळखले जातात. आलेल्या माणसाजवळ ना सात-बारा होता, ना तारण द्यायला घर. तरी कॅम्प २ मध्ये आज कापडाची दुकाने खेटून उभी आहेत. कष्ट आणि व्यापारी हुशारी तर आहेच. परंतु आणखी एक गोष्ट आहे जी आपण शेतकऱ्यांनी ध्यानात घेतली पाहिजे. तिथे पैसा लवकर फिरतो. दुकानदार सोमवारी उधारीवर तागा उचलतो, आठवड्यात विकतो, पैसे फेडतो आणि पुन्हा उचलतो. देणाऱ्यालाही दर आठवड्याला कळते, हा माणूस चालणारा आहे की बुडणारा.

आता आपला आडसाली ऊस घ्या. जुलै-ऑगस्टला लागण, तोड पुढल्या वर्षाच्या शेवटी. सोळा-अठरा महिने पैसा जमिनीत गाडलेला. मध्ये पाऊस दगा देतो, कालव्याचे आवर्तन चुकते, हुमणी लागते, तोडणीची टोळी वेळेवर येत नाही. कॅम्प २ मधला व्यापारी तेवढ्या काळात आपले भांडवल कितीतरी वेळा फिरवून मोकळा होतो. मग खाजगी पैसा दुकानात गेला आणि शेतात आला नाही तर त्यात नवल ते काय?

तिथून पुढे अंबरनाथ. तिथे मोठे भांडवल पार ब्रिटिश काळापासून आले. स्वीडिश भांडवलाचा विमकोचा आगपेटीचा कारखाना १९२० च्या दशकातला. त्याआधी, १९१९ साली, धरमसी मोरारजी केमिकल कंपनी निघाली आणि अंबरनाथला गंधकाम्ल व सुपर फॉस्फेट तयार करू लागली. सुपर फॉस्फेट म्हणजे आपल्याच शेतात पडणारे खत! म्हणजे शेतीच्या नावाने खाजगी पैसा शंभर वर्षांपूर्वीच आला होता, पण तो खताच्या पोत्यापाशी थांबला. पोते मोजता येते, त्याचे पैसे रोख घेता येतात. पोते फोडून खत सरीत टाकल्यावर पुढची सगळी जोखीम शेतकऱ्याची.

आणि बदलापूरकडच्या भातखाचरांत? तिथेही खाजगी पैसा आला, नाही असे नाही. तो प्लॉट पाडायला आला. एक-दोन एकर भात करणाऱ्याला पिकासाठी जे भांडवल कधी कुणी दिले नाही, ते त्याची जमीन घेण्यासाठी सहज मिळाले. शेतकऱ्याने जमीन विकली, त्याला दोष कसा द्यावा? त्याच्यापुढे दुसरी वाटच कुणी ठेवली नव्हती. जिथे खाचरे होती तिथे आज इमारती आहेत.

म्हणजे पैसा एक तर शेताच्या अलीकडे थांबतो, नाही तर शेतच घेऊन टाकतो. या दोन्हींच्या मधली जागा, म्हणजे जमीन शेतकऱ्याची राहून पिकात बाहेरचे भांडवल येणे, ही अवघड गोष्ट आहे. आपल्या ऊस भागात मात्र ती घडली, आणि कशी घडली हे नव्या पिढीतल्या सभासदांना सांगायला हवे.

ऊस भागातसुद्धा सुरुवात कंपन्यांनीच केली. नगर जिल्ह्यात हरेगावला बेलापूर कंपनी १९२० च्या दशकात आली. १९३२ साली सरकारने साखरधंद्याला जकातीचे संरक्षण दिले, परदेशी साखर महाग झाली आणि मग भांडवलदारांची रांग लागली. इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंदांनी माळरानावर वालचंदनगर उभे केले. त्याच दशकात सासवडकडच्या माळी बागाइतदारांनी अकलूजजवळ स्वतःची कंपनी काढून माळीनगरचा कारखाना उभारला. शेतकरी भांडवल उभे करू शकतो याचा तो सहकाराच्याही आधीचा दाखला आहे, आणि आपण तो फार थोड्या वेळा सांगतो.

कंपन्यांची रीत अशी होती की यंत्राला ऊस कमी पडू नये म्हणून शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घ्यायच्या आणि हजारो एकरांचे एकेक मळे चालवायचे. मळे नमुनेदार होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. चांगले बेणे, वाफेचे नांगर, शिस्त, सगळे होते. फक्त जमिनीचा मालक तिथे मजूर होता. पुढे १९६१ चा कमाल जमीन धारणा कायदा आला. कंपन्यांच्या मळ्यांची जमीन सरकारकडे गेली, १९६३ साली निघालेल्या राज्य शेती महामंडळाने ती कसली आणि ज्यांनी खंडाने दिली होती ते खंडकरी शेतकरी मोर्चे काढत राहिले. त्यांच्या वारसांना जमीन वाटायला सुरुवात व्हायला २०१२ साल उजाडले. आजोबांनी केलेल्या कागदाची निस्तरानिस्तर नातवाच्या वाट्याला आली! "कंपनीला जमीन भाड्याने देऊन निवांत बसू" असे आज कुणी म्हणाले तर त्याला श्रीरामपूर भागात पाठवावे. तिथे हा इतिहास पुस्तकात शोधावा लागत नाही.

दुसरी वाट प्रवरेची. विठ्ठलराव विखे पाटील लोणी परिसरात गावोगाव हिंडले आणि शेतकऱ्यांकडून भाग गोळा केले. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ पाठीशी उभे राहिले, मुंबई सरकारात वैकुंठभाई मेहता होते. १९५०-५१ ला पहिला गळीत हंगाम झाला. यात एक बारकावा आहे. गरिबांचे भाग जमवून सगळा कारखाना होत नसतो. मोठी रक्कम बाहेरूनच आली. सरकारने भाग घेतले, आणि १९४८ साली निघालेल्या इंडस्ट्रियल फायनान्स कॉर्पोरेशनसारख्या संस्थेचे कर्ज मिळाले. पण ती रक्कम आली कधी? शेतकऱ्यांनी आधी आपले पैसे घातले आणि ऊस आम्हीच देऊ असे लिहून दिले, तेव्हा. बाहेरच्याला हवी असते ती खात्री, आणि खात्री दोन गोष्टींची असते, मालाची आणि वसुलीची.

वसुलीचे म्हणाल तर आपल्याकडे ती इतकी अंगवळणी पडली आहे की तिची किंमत कळत नाही. आपण कारखान्याकडे उसाची नोंद देतो. त्या नोंदीवर विकास सोसायटी पीककर्ज देते, सोसायटीला जिल्हा बँक देते, आणि बिलातून कपात होऊन पैसे परत जातात. कपातीवर आपण कुरकुर करतो, मीही करतो. पण बदलापूरच्या भातवाल्याकडे ही कपात नव्हती म्हणून त्याला कर्जही नव्हते. दोन एकरवाल्या हजारो लोकांचा ऊस एका काट्यावर येतो, तिथे सावकाराला ते सगळे मिळून एक मोठे गिऱ्हाईक दिसते.

आता अलीकडचे पाहू. नाशिक जिल्ह्यात मोहाडी येथे सह्याद्री फार्म्स आहे. विलास शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी द्राक्षवाल्यांना एकत्र करून उत्पादक कंपनी काढली. २०२२ साली युरोपातल्या चार गुंतवणूकदारांनी तिथे ३१० कोटी रुपये घातले. उत्पादक कंपनीचा कायदा असा आहे की भागधारक उत्पादकच असावा लागतो आणि मत माणशी एक. मग परदेशी पैसा आला कुठून? मूळ कंपनीच्या खाली प्रक्रिया करणारी वेगळी कंपनी आहे, तिच्यात तो घेतला. मूळ घर शेतकऱ्यांचे राहिले, पाहुण्याला ओसरीवर जागा मिळाली. हे पुढे कसे चालते ते काळ दाखवील. पाहुणा कधीतरी आपले भांडवल नफ्यासकट काढून घेणार, कारण तो त्याचसाठी आला आहे. पण अशी मांडणी करता येते, एवढे तरी दिसले.

उलटे उदाहरणही ऊसवाल्यांचेच सांगतो. आफ्रिकेत केनिया देशात मुमियास नावाचा साखर कारखाना १९७० च्या दशकात सुरू झाला. ऊस आपल्यासारख्याच लहान शेतकऱ्यांचा, कारभार बराच काळ एका विलायती कंपनीकडे. एके काळी त्याचा नमुना म्हणून गवगवा होता. २००१ साली त्याचे शेअर नैरोबीच्या बाजारात आले. पुढे तोटा वाढला, उसाची बिले थकली, शेतकरी ऊस दुसरीकडे घालू लागले किंवा उपटून मका लावू लागले, आणि २०१९ साली धनको बँकेने कारखान्यावर ताबेदार नेमला. शेअरबाजारातल्याने शेअर विकून अंग काढून घेतले असेल. खोडवा काही विकून टाकता येत नाही.

आपल्या राज्यातही आज गाळप करणाऱ्या कारखान्यांत जवळपास निम्मे खाजगी आहेत आणि त्यांतले काही पूर्वी सहकारीच होते. कर्ज थकले, जप्ती आली, विक्री झाली किंवा भाडेपट्टा झाला. खाजगी कारखाना वाईटच असतो असे मी म्हणणार नाही. काही वेळेवर पैसे देतात, आणि काही सहकारी देत नाहीत, हे आपण जाणतो. कायद्याने एफआरपी दोघांनाही सारखी, १४ दिवसांत, पुढे १५ टक्के व्याज. फरक असा की सहकारात ऊस घालणारा वार्षिक सभेत उठून ताळेबंदावर प्रश्न विचारू शकतो. खाजगीत तो गेटावर उभा राहून विचारतो.

आता नवे भांडवल मागितले जाते ते मुख्यतः इथेनॉल आणि वीजनिर्मितीसाठी. ते लागणारच. नुसत्या साखरेवर दर देणे कठीण झाले आहे. पण सरकारी धोरण एका रात्रीत बदलते, हे डिसेंबर २०२३ मध्ये दिसले. साखर कमी पडेल म्हणून केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली, थोड्याच दिवसांत ती सैल केली, आणि पुढच्या वर्षासाठी उठवली. तोपर्यंत ज्यांनी कर्ज काढून प्रकल्प उभे केले होते त्यांचे हप्ते थांबले नव्हते. तेव्हा बाहेरचा भागीदार घ्यायचा असेल तर असा प्रकल्प बंद राहिल्यास हप्ता कोण भरणार, हे करारात आधी लिहून घ्यावे लागेल. गाळपाचा मूळ कारखाना आणि त्याची जमीन त्यात तारण आहे की फक्त नवा प्रकल्प, हेही.

वार्षिक सभा सप्टेंबरअखेर व्हायची असते. अहवाल घरी आला की आपण बहुधा आपल्या गटाचे गाळप आणि दर एवढेच पाहून तो कपाटावर टाकतो. या वेळी ताळेबंदाच्या मागची पाने उघडा. कोणत्या बँकेचे किती कर्ज आहे आणि त्यासाठी कोणती मालमत्ता गहाण आहे, याची टिपणे तिथे असतात. घरात शिकलेली मुलगी किंवा सून असेल तर तिला ती मोठ्याने वाचायला सांगा. जे समजणार नाही ते कागदावर लिहून मुदतीत कारखान्याच्या कचेरीत द्या, म्हणजे त्याचे उत्तर सभेत मिळेल.