जुन्या जीपगाडीचा हेडर व धुराच्या नळाचा आधार

बागाईतदारांच्या वस्तीवर अजूनहि कित्येक ठिकाणीं जुनी जीप कामास असते. चारही चाकांस ओढ देतां येत असल्यामुळें चिखलांतून किंवा नदीच्या वाळूंतून माल बाहेर काढण्यास तिचा मोठा उपयोग होतो. अशा गाडीचा धुराचा नळ फुटला म्हणजे तो वेल्डिंग करून घ्यावयाचा, आणि थोड्याच दिवसांत तेथेंच पुन्हा फुटला म्हणजे वेल्डरास दोष द्यावयाचा, ही नेहमींची रीत आहे. वास्तविक दोष बहुधा सांध्यांत नसतो, आधारांत असतो. नळाबरोबर मॅनिफोल्डहि तडकला म्हणजे त्याच्या जागीं हेडर बसवावा काय, असा प्रश्न उभा राहतो. या दोन्ही गोष्टींचा येथें क्रमानें विचार करूं.

हेडरपासून लाभ किती?

इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरांतून जळलेला वायु धक्क्याधक्क्यानें बाहेर पडतो. ओतीव लोखंडाच्या मॅनिफोल्डांत हे धक्के लगेच एका पोकळींत मिळतात व एकाचा दाब दुसऱ्याच्या वाटेंत येतो. हेडरमध्यें प्रत्येक सिलिंडरास स्वतंत्र पोलादी नळी असते व या नळ्या कांहीं अंतर गेल्यावर एकत्र होतात. त्यामुळें एका धक्क्यामागें जी ओढ उत्पन्न होते, ती पुढच्या सिलिंडरांतील वायु बाहेर काढण्यास साह्य करते.

परंतु हा लाभ जलद फिरणाऱ्या इंजिनांत विशेष दिसतो. 1941 ते 1945 या काळांतील विलीज जीपचें इंजिन 2199 घनसेंटिमीटरचें व सुमारें 60 अश्वशक्तीचें होतें. शेतावर असें इंजिन भार ओढीत मंद गतीनें चालावयाचें. तेथें हेडरमुळें वाढणारी शक्ति फारच थोडी. शिवाय त्या इंजिनांत धुराच्या मॅनिफोल्डाची उष्णता पेट्रोलच्या मिश्रणास ऊब देते. तो काढून टाकल्यास थंडीच्या सकाळीं इंजिन अडखळतें. म्हणून जुना मॅनिफोल्ड शाबूत असेल तर तोच ठेवावा. तडकला असेल व बदली मिळत नसेल, तरच हेडरकडे वळावें.

बसविण्याची रीत

गंजलेले स्टड जोर लावून फिरवूं नयेत. ते इंजिनांतच तुटतात व मग खर्च वाढतो. आदल्या दिवशीं गंज सोडविणारें तेल घालून ठेवावें व नट हलकेच मागेंपुढें फिरवीत काढावा. हेडरच्या फ्लँजवर सरळ पट्टी धरून तो सपाट आहे कीं नाहीं तें पाहावें. वेल्डिंगच्या उष्णतेनें फ्लँज वांकडा झाला असेल, तर कितीहि आवळला तरी वायु गळणारच. गॅस्केट नवें घालावें. नट मधल्यापासून आरंभ करून दोन्ही टोकांकडे थोडेथोडे आवळीत जावें. इंजिन एकदां तापून पूर्ण थंड झाल्यावर ते पुन्हा आवळून घ्यावे. पितळी नट वापरल्यास पुढें सोडवितांना सहसा अडकत नाहींत.

आधाराचें तत्त्व

इंजिन रबरी बैठकीवर असतें. गिअर बदलतांना व चढावर तें हलतें. खड्ड्यांतून जातांना चॅसीहि पिळवटते. नळाचें एक टोक इंजिनास बांधलेलें व दुसरें चॅसीस घट्ट जखडलेलें असेल, तर हा सर्व पीळ नळावर येतो व जेथें तो कमजोर असेल तेथें तडा जातो. उष्णतेचाहि विचार करावा. एक मीटर लांबीचा साधा पोलादी नळ 400 अंश सेल्सिअसनें तापला कीं सुमारें 5 मिलिमीटर लांबतो; स्टेनलेस पोलादाचा जवळजवळ 7 मिलिमीटर. या वाढीस जागा ठेवलीच पाहिजे.

म्हणून हेडरनंतर नळांत लवचीक जाळीदार तुकडा घालावा. त्या तुकड्याच्या अलीकडे आधार द्यावयाचा तर तो गिअरबॉक्सवरून द्यावा, कारण इंजिन व गिअरबॉक्स एकत्र हलतात. त्याच्या पलीकडील नळ व सायलेन्सर चॅसीस टांगावे, पण रबरी किंवा रबर-कापडी पट्ट्यांनीं. सायलेन्सर जड असल्यामुळें त्यास पुढें व मागें असे दोन्हीकडे आधार द्यावे. हेडरवर त्याचें वजन मुळींच पडूं देऊं नये.

नळ कायम करण्यापूर्वीं जॅकनें एक एक चाक उचलून पाहावें. ॲक्सल वर आला असतां, अथवा पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट फिरत असतां, नळास कोठेंहि घासणार नाहीं अशी खात्री करावी. ब्रेकची व इंधनाची नळी दूर असावी. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यांत इंधनाच्या नळीपासून 35 मिलिमीटरच्या आंत धुराचा नळ नसावा असें सांगितलें आहे. हें किमान अंतर समजावें. त्याच नियमांप्रमाणें सायलेन्सर काढून गाडी चालवितां येत नाहीं.

हयगय कां करूं नये?

गळक्या सांध्यांतून निघणाऱ्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड हा वायु असतो. त्यास रंग नाहीं व वासहि नाहीं. ताडपत्री बंद करून पावसांत गाडी चालविली असतां तो आंत सांठतो. प्रथम डोकें दुखतें, मग गुंगी येते, व कळण्यापूर्वींच प्राण जातो. पेट्रोल इंजिनांत हा धोका अधिक. म्हणून बंद शेडमध्यें इंजिन चालूं ठेवूं नये. दुसरा धोका आगीचा. उंच वाळलेल्या गवतांत किंवा उंसाच्या पाचटांत गाडी उभी केली, तर तापलेल्या नळानें तें पेट घेऊं शकतें. पीक हातीं येण्याच्या दिवसांत ही चूक फार महाग पडते.

गळती शोधणें कठीण नाहीं. इंजिन थंड असतांना चालू करावें व मागच्या टोकावर जाड फडकें क्षणभर दाबून धरावें. फुसफुस आवाज जेथून येईल तेथें सांधा गळतो. काजळीची काळी रेघ हीहि तीच खूण होय. पावसाळ्यापूर्वीं व सुगीपूर्वीं अशी दोनदां तपासणी करावी, आणि सांधा फुटलेला आढळल्यास वेल्डराकडे जाण्याआधीं आधाराचें रबर अवश्य पाहावें.