फाटक गावाजवळच का पडतं?

नाताळच्या सुट्टीत अमेरिकेतली कितीतरी मराठी मंडळी गाडी काढून लांबच्या प्रवासाला निघतात. शिकागोहून कॅलिफोर्निया, डेन्व्हरहून सॉल्ट लेक सिटी. या प्रवासात अनेकांच्या वाट्याला इंटरस्टेट ८० हा महामार्ग येतो आणि त्यावर वायोमिंग राज्यातला सुमारे साडेसहाशे किलोमीटरचा उघडा, उंचावरचा टप्पा. या टप्प्यात लॅरमी किंवा रॉलिन्ससारख्या गावाच्या कडेला एक लांबलचक फाटक रस्त्यावर आडवं पडलेलं भेटतं. डोक्यावर ऊन असतं, आकाश निळंशार असतं आणि रस्ता मात्र बंद. पहिल्यांदा अडकलेल्या माणसाचा संताप होतो, आणि तो समजण्यासारखा आहे. पण हे फाटक नेमकं तिथेच आणि त्याच वेळी का पडलं, हे कळलं की त्या अनोळखी गावात काढलेल्या रात्रीकडे बघण्याची नजर बदलते.

ऊन असताना रस्ता बंद होतो तो वाऱ्यामुळे. रॉकी पर्वतरांग दक्षिण वायोमिंगमध्ये खालावते. उत्तरेला आणि दक्षिणेला उंच डोंगर, मध्ये ही मोकळी वाट. पश्चिमेकडून येणारा हिवाळी वारा तिच्यात कोंडतो आणि वेग घेतो. ताशी शंभर किलोमीटरचे झोत इथे हिवाळ्यात नवलाचे नाहीत. रिकामा ट्रक त्यात आडवा होतो. नवा बर्फ पडायचीही गरज नसते. आठवड्यापूर्वी माळावर पडून राहिलेला भुसभुशीत बर्फ वारा उचलतो आणि जमिनीलगत पळवत नेतो. उडणारे बहुतेक कण जमिनीपासून फार वर जात नाहीत. त्यामुळे उंच केबिनमध्ये बसलेल्या ट्रकचालकाला जे दिसतं, ते खाली मोटारीत बसलेल्याला दिसत नाही. एक जण वेगात, दुसरा जवळजवळ थांबलेला, आणि दोघं एकाच रस्त्यावर. १ मार्च २०२० रोजी याच महामार्गावर वॉमसटर गावाजवळ अशाच वातावरणात शंभरच्या आसपास वाहनं एकमेकांवर आदळली आणि तिघांचा जीव गेला.

लॅरमी ते रॉलिन्स हा तुकडा त्यातही बदनाम आहे, आणि त्यामागचा इतिहास मला फार महत्त्वाचा वाटतो. १८६८ साली युनियन पॅसिफिक रेल्वेचे रूळ या भागात पोहोचले तेव्हा ते एल्क माउंटन या डोंगराला उत्तरेकडून लांबचा वळसा घालून मेडिसिन बो गावावरून गेले. पुढे मोटारींचा जुना लिंकन हायवेही बराचसा त्याच बाजूने गेला. १९६०च्या दशकात नव्या महामार्गाची आखणी झाली तेव्हा अंतर वाचवण्यासाठी रस्ता याच डोंगराच्या पायथ्याजवळून नेण्याचं ठरलं. तिथे पिढ्यान्‌पिढ्या गुरं राखणाऱ्या रँचवाल्यांनी बजावलं, की हिवाळ्यात या बाजूला आम्हीसुद्धा जात नाही. त्यांचं कुणी ऐकलं नाही. ३ ऑक्टोबर १९७० रोजी रस्ता खुला झाला आणि काही दिवसांतच वादळाने त्याला गाठलं. व्हिएतनाम युद्धाचे ते दिवस. तिथल्या हो ची मिन्ह ट्रेल या रसदमार्गाच्या नावाच्या चालीवर लोकांनी या रस्त्याला ‘स्नो ची मिन्ह ट्रेल’ म्हणायला सुरुवात केली. जमिनीवर राहणाऱ्या माणसाचं म्हणणं नकाशावरच्या रेषेपुढे हरलं, की त्याची किंमत पुढची कित्येक वर्षं अनोळखी माणसं मोजत राहतात.

ही चूक निस्तरायला पुढे आले रोनाल्ड टॅबलर हे वनखात्याचे संशोधक. वाऱ्याने वाहणाऱ्या बर्फाचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला. आज या महामार्गाच्या कडेला माळावर दूरवर दिसणारी उंच लाकडी कुंपणं ही त्यांच्या कामाची खूण. प्रवाशांना ती जनावरांसाठी बांधलेली वाटतात. पण त्यांच्या फळ्यांमध्ये मुद्दाम फटी सोडलेल्या असतात, जवळपास निम्मं कुंपण उघडंच असतं. भक्कम भिंत वारा अडवते खरी, पण तिच्यामागे आखूड ढीग साचतो आणि ती लवकर भरते. फटींमधून जाणारा वारा मंदावतो आणि हातातला बर्फ पुढे लांबवर खाली टाकतो. हा ढीग कुंपणाच्या उंचीच्या पस्तीसपट अंतरापर्यंत पसरू शकतो. म्हणजे बारा फुटांचं कुंपण रस्त्यापासून चारशेवीस फूट दूर हवं. जवळ उभारलं, तर तेच कुंपण रस्त्यावर बर्फ आणून टाकेल. कुंपणांनी अपघात आणि बंदचे तास घटले, पण वारा कमी झाला नाही. मीठ टाकूनही भागत नाही. मिठाने ओला झालेला रस्ता वरून वाहणारा कोरडा बर्फ धरून ठेवतो आणि त्याची काच होते. कडाक्याच्या थंडीत तर मीठ कामच करेनासं होतं.

मग उरतं फाटक. ते गावाजवळ असतं, कारण गावात मोटेल आहे, पेट्रोलपंप आहे, गरम जेवण आहे. दोन गावांमधल्या ओसाड माळावर यातलं काही नाही. मोटेलं भरली की चर्चची सभागृहं उघडतात, कुणी सूप आणतं, कुणी पांघरुणं. पण आठ-दहा हजार वस्तीच्या रॉलिन्समध्ये किती ट्रक उभे राहणार? तिथली जागा संपली, की त्याच्या अलीकडच्या गावातलं फाटक टाकतात, तेही भरलं की त्याच्या अलीकडचं. म्हणूनच शेकडो किलोमीटरवर वादळ असताना याच महामार्गावरच्या शायान शहरात कोरड्या रस्त्यावर गाडी थांबवली जाते. पुढच्या गावात तुमच्यासाठी खाट उरलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

फाटक ओलांडून जाणाऱ्याला दंड होतो, तुरुंगवासही होऊ शकतो. त्याहून मोठा धोका फोनमधल्या नकाशाचा. महामार्ग बंद दिसला की तो इमानेइतबारे रँचमधल्या कच्च्या वाटा सुचवतो. तिथे बर्फ काढायला कुणी येत नाही आणि फोनलाही रेंज नसते. तरीही कुणी रुतलाच, तर गाडी सोडून चालत निघू नये. धुराच्या नळीभोवतीचा बर्फ काढावा, नाहीतर विषारी वायू आत साचतो. इंजिन तासाभरात दहाएक मिनिटंच चालवावं आणि खिडकी बोटभर उघडी ठेवावी. या वाटेवर टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नये, आणि बंदची बातमी कळताच आधी खोली धरावी, जेवणाचं नंतर बघावं.

रस्ता खुला होतो तोही एकदम नाही. वारा पडावा लागतो, अडकलेल्या गाड्या ओढून काढाव्या लागतात, मग बर्फ हटवणारी यंत्रं फिरतात. आणि फाटक वर गेलं, की रात्रभर थांबलेले शेकडो ट्रक एकाच वेळी निघतात. रस्ता अजून निसरडा असतो आणि सगळ्यांना वेळ भरून काढायचा असतो. जाणकार मंडळी तेव्हा आणखी एक कॉफी मागवतात आणि तो लोंढा पुढे जाऊ देतात.