मोबाईल टॉवरवरचा तो पांढरा ‘ढोल’ काय करतो? आणि त्याच्यामागच्या पेटीत एवढं काय दडलंय?

मोबाईल टॉवरवर उभ्या लांबट अँटेनांसोबत ढोलासारखं काहीतरी गोल बसवलेलं असतं, पाहिलंय ना? तो मायक्रोवेव्ह अँटेना. उभे अँटेना आपल्या फोनशी बोलतात, तर हा ढोल समोरच्या टॉवरशी. जिथे फायबर केबल पोहोचत नाही, तिथले कॉल आणि व्हिडिओ असेच हवेतून पुढे जातात.

ही युक्ती जुनी आहे. ऑगस्ट १९५१ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को अशी १०७ टॉवरची साखळी सुरू झाली. प्रत्येक टॉवर आलेला क्षीण सिग्नल मोठा करून पुढे पाठवायचा. हे काम व्हॅक्यूम ट्यूब करायच्या. पण ट्यूबमधला तापणारा भाग हळूहळू झिजतो. मग ती बदलायला डोंगरमाथ्यावर माणूस पाठवा! एक टॉवर बंद पडला तर पुढची साखळीच तुटणार.

ट्रान्झिस्टर आले होते, मग ते का नाही वापरले? अडचण वेगाची होती. ४ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ४ अब्ज कंपनं. एवढ्या घाईत इलेक्ट्रॉनला ट्रान्झिस्टर पार करायचा, तर तो अतिशय बारीक हवा. आणि बारीक केला की जास्त व्होल्टेज सोसत नाही, म्हणजे ताकद कमी! म्हणूनच १९६० च्या दशकातल्या बेलच्या टीडी-३ यंत्रणेत बाकी सगळं सॉलिड-स्टेट झालं, पण सिग्नलला शेवटचा जोर देणारी ट्यूब तेवढी राहिली.

हा तिढा सुटायला गॅलियम आर्सेनाइडची मोठी मदत झाली. त्यात इलेक्ट्रॉन सिलिकॉनपेक्षा सहज धावतात. त्याच्या ट्रान्झिस्टरांनी पुढे ती ट्यूबही घालवली. एकाची ताकद पुरली नाही, तर अनेकांची एकत्र जोडायची. त्यातला एखादा बिघडला तर सिग्नल कमजोर होतो, पण लगेच बंद पडत नाही.

आता डिझायनरची कसरत वेगळीच असते. ट्रान्झिस्टर पूर्ण ताकदीने चालवला तर सिग्नल विकृत होतो आणि डेटात चुका होतात. म्हणून त्याला मुद्दाम थोडा दमानं चालवतात. पण मग बरीचशी वीज उष्णता बनून वाया जाते.

पुढच्या वेळी ढोलामागची पेटी नीट पाहा. तिच्यावरच्या धातूच्या पात्या शोभेसाठी नसतात, ती उष्णता बाहेर टाकण्यासाठी असतात. ट्यूबला हजारो व्होल्ट लागायचे, ही पेटी मात्र ४८ व्होल्टच्या बॅटरीवरही चालते. म्हणूनच वीज गेली तरी बॅटरी टिकेपर्यंत तुमचा फोन लागतो!