खटका लावल्यानंतरचे कांहीं क्षण

धाराशिव जिल्ह्यांत कळंबजवळ 400/220 किलोव्होल्टचें वीज-उपकेंद्र उभें आहे. या भागांतील वारा आणि ऊन यांपासून निर्माण होणारी वीज तेथें गोळा होते आणि प्रचंड रोहित्रांतून दाब चढवून ती पुढें धाडली जाते. असें रोहित्र दुरुस्तीनंतर पुन्हां वाहिनीला जोडतात, तेव्हां पहिले कांहीं क्षण मोठ्या कसोटीचे असतात. आंत खरोखर बिघाड झाला आहे, कीं हा नुसता खटका लावल्याचा क्षोभ आहे, हें ओळखण्याचें काम रिले नांवाच्या पहारेकऱ्याकडे असतें. त्यानें निष्कारण खटका पाडला तर वीज तुटते; खरा बिघाड ओळखला नाहीं तर कोट्यवधि रुपयांचें रोहित्र जळून जातें.

या पहारेकऱ्यास शितावरून भाताची परीक्षा करावी लागते. तें शीत त्याला काढून देतें प्रवाह-रोहित्र, म्हणजेच वीज-कामगारांच्या बोलण्यांतला 'सीटी'. मुख्य तार एका लोखंडी कड्यांतून जाते. कड्याभोंवतीं बारीक तारेचे हजार वेढे असले, तर हजार अँपिअरच्या प्रवाहाची एक अँपिअरची प्रतिमा त्या वेढ्यांत उमटते. रोहित्राच्या दोन्ही बाजूंस असे सीटी असतात. आंत गेलेल्या आणि बाहेर पडलेल्या प्रवाहाचा मेळ बसतो कीं नाहीं, हें रिले ताडून पाहतो.

खटका लावतांच मात्र चित्र पालटतें. विजेचा दाब नेमका शून्यावर असतांना खटका लागला, तर रोहित्राच्या गाभ्यांतील चुंबकत्व नेहमींच्या दुपटीपर्यंत चढूं पाहतें. मागील चुंबकत्व उरलें असेल, तर त्याहूनहि अधिक. लोखंडाची तेवढी कुवत नसते. मग रोहित्र पूर्ण भाराच्या कित्येक पट प्रवाह ओढून घेतें. हा लोंढा एकांगी असतो आणि तो एकाच बाजूनें शिरतो. म्हणून रिलेला तो बिघाडासारखाच दिसतो.

सीटीची अडचण निराळी आहे. त्याला कळतो तो केवळ बदल. 50 आवर्तनांनीं डोलणारा प्रवाह तो इमानानें दाखवितो. पण एकाच दिशेनें संथपणें ओसरणारा भाग त्याच्या कड्यांत चुंबकत्व सांचवीत जातो. कडें भरून गेलें, कीं बाहेर प्रवाहाचा पूर असूनहि रिलेच्या हातीं त्याचा तुकडाच पडतो.

लोंढ्याची एक खूण अभियंत्यांनीं हेरली आहे. त्यांत 100 आवर्तनांचा अंश ठळक असतो. खऱ्या बिघाडांत तो अल्प असतो. हा अंश मूळ प्रवाहाच्या सुमारें 15 टक्क्यांहून अधिक दिसला, तर रिले हात आंवरतो. परंतु भरलेला सीटी हाच अंश पदरचा मिसळूं शकतो आणि मग खऱ्या बिघाडांतहि रिले थबकतो.

म्हणून सीटीचें कडें ऐसपैस घेतात, किंवा त्यांत बारीक फट ठेवतात. अखंड कड्यांत पूर्वींचें चुंबकत्व बरेंच टिकून राहतें. फट ठेवल्यास तें एकदशांशाच्या आंत ठेवतां येतें. तथापि फटीमुळें मापांत किंचित् चूक येते; म्हणून वीज मोजणाऱ्या मीटरसाठीं वेगळें कडें ठेवावें लागतें. याशिवाय, दाब शिखरावर असतांनाच खटका लावणारीं यंत्रेंहि आतां आहेत; त्यांमुळें लोंढा बहुतांशीं टळतो.

पहारेकरी कितीहि हुशार असला, तरी त्याचा निर्णय हातीं आलेल्या शिताइतकाच खरा असतो.