हरितगृहातील व परसबागेतील सरडे

'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' ही म्हण तोकड्या कुवतीच्या माणसाची थट्टा करण्यासाठी वापरली जाते. बागाईतदाराच्या दृष्टीने मात्र या म्हणीत सरड्याची स्तुतीच दडलेली आहे. बागेला लागणारी कीड कुंपणाच्या आतच असते आणि तिच्यावर पोट भरणारा हा प्राणी कुंपण सोडून फारसा दूर जात नाही. मजुरी न घेता बाग राखणारा असा राखणदार दुसरा मिळणे कठीण.

हरितगृहात या राखणदाराचे महत्त्व अधिक आहे. मावळ तालुक्यात गुलाब व जरबेरा यांच्या लागवडीसाठी प्लॅस्टिकच्या आच्छादनाची हरितगृहे उभी आहेत. अनेक गावांत शेडनेटखाली भाजीची रोपे तयार होतात. अशा आच्छादनाखाली ऊब व ओलावा टिकतो आणि रोप जोमाने वाढते. परंतु तीच ऊब किडीलाही मानवते. फुलकिडे, पांढरी माशी, मावा यांसारखे सूक्ष्म कीटक जाळीच्या फटींतून किंवा रोपांबरोबर आत शिरतात; त्यांना खाणारे पक्षी मात्र बाहेरच राहतात. भक्ष्य आत व भक्षक बाहेर अशी स्थिती झाली, की कीड झपाट्याने वाढते. म्हणून काही देशांतील बागवान आपल्या काचगृहांत लहान सरडे व पाली मुद्दाम राहू देतात.

आपल्याकडे हे काम करणारे तीन प्राणी सर्वांच्या परिचयाचे आहेत. बागेतील सरडा दिवसा झुडपावर किंवा कुंपणावर बसून टेहळणी करतो आणि नाकतोडे, अळ्या, भुंगेरे, मुंग्या टिपतो. सापसुरळी जमिनीवरील पालापाचोळ्यात फिरून रातकिडे व झुरळे शोधते. सूर्यास्तानंतर पालीची पाळी सुरू होते. ज्या पतंगांच्या अळ्या पुढे भाजी पोखरतात, ते पतंग दिव्याजवळ आले की ती त्यांना गट्ट करते. अशा रीतीने बागेवर दिवसरात्र पहारा राहतो.

या पहाऱ्याच्या मर्यादाही शिक्षकांनी मुलांस स्पष्ट सांगाव्यात. सरड्याची नजर हलणाऱ्या भक्ष्यावर जाते. पानाला चिकटून निश्चल बसणारे खवले कीटक व पिठ्या ढेकूण त्याच्या तावडीतून बहुधा सुटतात. मावा खाण्याचे काम ढालकिडे अधिक चांगले करतात. वांग्याच्या आत शिरलेल्या अळीपर्यंत सरडा पोहोचू शकत नाही. तेथे किडलेले फळ तोडून नष्ट करणे हाच उपाय. शिवाय सरडा मधमाशी व कोळी हे उपकारक जीवही खातो. तात्पर्य, सरडा हा किडीवरील रामबाण उपाय नव्हे. अनेक उपायांपैकी तो एक आहे.

'सरडे पाळणे' या शब्दांचा अर्थ त्यांना पकडून डांबणे असा करू नये. घोरपडीला तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे; तिला पकडणे हा गुन्हा ठरतो. त्याचप्रमाणे परक्या प्रदेशातील सरडे आणून सोडणेही घातक होय. जपानच्या ओगासावारा बेटांवर १९६० च्या दशकात अमेरिकेतील हिरवे अनोल सरडे येऊन पोहोचले. त्यांनी तेथील चतुर, फुलपाखरे, रानमाश्या इत्यादी स्थानिक कीटकांचा इतका फडशा पाडला, की पुढे त्या सरड्यांनाच आवरण्याची मोहीम हाती घ्यावी लागली. म्हणून जे सरडे गावात आहेत, त्यांना निर्वेध राहू द्यावे, एवढेच पाळणे पुरेसे आहे.

त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात. बागेच्या एका कोपऱ्यात दगडांचा लहान ढीग व थोडा पालापाचोळा ठेवावा. सरडे पानांवरील थेंब पितात. म्हणून सकाळी झाडांवर पाणी शिंपडावे. पाण्याच्या टाकीत एक काठी तिरपी ठेवावी, म्हणजे आत पडलेला सरडा वर चढून येईल. सरड्याची मादी मऊ मातीत खड्डा करून साधारणपणे दहा ते वीस अंडी घालते. खणताना ती दिसल्यास न उलटता पुन्हा मातीने झाकावीत. पिवळे चिकट सापळे खांबाला वा भिंतीला लागून टांगू नयेत. एखादी पाल सापळ्याला चिकटलीच, तर खाद्यतेलाचे थेंब सोडून मोठ्या माणसाने तिला हलकेच मोकळी करावी. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे विषारी फवारणी टाळावी. विषाने माखलेली अळी सरड्याने खाल्ली, तर किडीबरोबर राखणदारही मरेल, आणि नंतर आलेल्या नव्या किडीला कोणीच अडवणार नाही.

आता शाळेतील मुख्य अडचणीकडे वळू. मधल्या सुट्टीत कुंपणावर सरडा दिसला, की मुलांचे हात दगडाकडे जातात. तो मान हलवून वेडावतो, त्याचा गळा लाल होतो म्हणजे तो रक्त पितो, सापसुरळी विषारी असते, अशा समजुती घरोघरी ऐकू येतात. वस्तुतः आपल्या बागेतील सरडा, पाल व सापसुरळी यांपैकी एकही विषारी नाही. विणीच्या काळात नराचे डोके व गळा लाल होतो. मान हलवून तो दुसऱ्या नराला आपली हद्द दाखवितो. मुलांना वेडावण्याची त्याला गरजही नाही आणि सवडही नाही.

मात्र निर्विष म्हणजे स्वच्छ नव्हे. सरडे व पाली यांच्या विष्ठेत पोटाचे विकार उत्पन्न करणारे साल्मोनेला जंतू असू शकतात. म्हणून त्यांना हाताळू नये, बागकामानंतर साबणाने हात धुवावेत व परसबागेतील भाजी धुऊनच शिजवावी. मध्यान्ह भोजनाची भांडी सदैव झाकलेली असावीत. अन्नात पाल पडल्यास ते अन्न टाकूनच द्यावे. तेथे काटकसर करू नये.

परिसर अभ्यासाच्या तासाला हा विषय उत्तम रीतीने घेता येईल. इयत्ता चौथीच्या मुलांचे गट करावेत. प्रत्येक गटाने महिनाभर ठरलेल्या वेळी, हात न लावता, बागेची एक फेरी घ्यावी. दिसलेले सरडे, त्यांची जागा व त्यांनी टिपलेले भक्ष्य वहीत नोंदवावे. ठरावीक वीस पानांपैकी किती पानांना भोके पडली, तेही दर आठवड्यास लिहावे. नोंदी खऱ्या असाव्यात. सरडा न दिसल्यास 'दिसला नाही' असेच लिहावे. कीड कमी झाली नाही, तरी पाठ वाया गेला असे समजू नये.

ज्या मुलाने महिनाभर एका सरड्याची नोंद ठेवली, तो त्यावर सहसा दगड उचलीत नाही. ओळख झालेल्या जिवावर हात उगारणे अवघड जाते. परसबागेतून पोषणासाठी भाजी मिळतेच. त्याबरोबर ही समज मिळाली, तर बागेसाठी केलेले श्रम दुप्पट फळास आले असे म्हणता येईल.