पाटी, पत्रिका आणि पावती : अक्षर कोणते निवडावे?

दुकानाची पाटी करायची असो, बिलबुक असो की मुलीच्या निकाहाचा दावतनामा, आपले व्यापारी बांधव कागदाची जाडी चिमटीत धरून पाहतात, रंग पाहतात, दराची घासाघीसही करतात. अक्षराचा प्रश्न आला की मात्र ‘चांगलेसे टाका’ एवढे सांगून मोकळे होतात. मग ऑपरेटर आपल्या सवयीचा फॉन्ट टाकतो. या ‘चांगलेसे’ची किंमत आम्ही स्वतः मोजलेली आहे, म्हणून हा लेख.

काही वर्षांपूर्वी घरच्या एका निकाहाचे कार्ड आम्ही छापायला दिले. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला उर्दू. उर्दू मजकूर मोबाइलवर टाइप करून पाठवला. प्रेसवाल्याने तो आपल्या जुन्या डिझाइनच्या प्रोग्राममध्ये चिकटवला आणि तिथेच घात झाला. जोडलेली अक्षरे सुटी झाली आणि उजवीकडून डावीकडे जाणारी ओळ उलटी फिरली. ऑपरेटरला उर्दू येत नव्हते, त्याला ती नक्षी ठीकच वाटली. प्रूफ आम्हीही पाहिले, पण घाईत फक्त मराठी बाजू वाचली. पाचशे कार्डे छापून आली. आमच्या मामूंनी एक हातात घेतले, चष्मा पुसला आणि विचारले, “बेटा, ये कौनसी जबान है?” पाचशेच्या पाचशे रद्दीत गेली. दोष निम्मा आमचाही होता.

असे का होते, हे समजून घेतले पाहिजे. मराठीचे किंवा इंग्रजीचे अक्षर आपल्या जागी उभे असते. उर्दूत एकाच अक्षराची शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगवेगळी रूपे होतात. त्यातही नस्तालीक लिपीत शब्द उजवीकडे वरून सुरू होऊन तिरका खाली उतरतो. शिशाच्या चौकोनी खिळ्यांत हा उतार नीट बसेना. म्हणूनच इंग्रजी-मराठी छापखान्यांत खिळे जुळवले जात असताना उर्दू वृत्तपत्रे मात्र कातिबांच्या हातानेच लिहून, आधी दगडी छपाईवर आणि पुढे ऑफसेटवर निघत राहिली. मिर्झा अहमद जमील यांनी हाताने लिहिलेल्या हजारो जोडरूपांवरून मोनोटाइप कंपनीने ‘नूरी नस्तालीक’ तयार केले. १९८१ साली ‘जंग’ दैनिक त्या अक्षरात निघू लागले. १९९४ मध्ये दिल्लीहून ‘इनपेज’ आले आणि ही सोय साध्या कॉम्प्युटरवर पोहोचली. सोय झाली, पण रोज वृत्तपत्राची पाने लिहून पोट भरणाऱ्या कातिबांचा रोजगार त्याबरोबर गेला. याची नोंद कोणी फारशी घेतली नाही.

आता कोणते अक्षर कुठे, ते पाहू. उर्दू मजकुरासाठी नस्तालीकच. उर्दू वाचणाऱ्याची नजर त्यालाच सरावलेली असते. मात्र त्याला उंची लागते. अरुंद, लांबट पाटीवर नस्तालीक कोंबले की नुकते वरच्या ओळीत शिरतात आणि नाव लांबून वाचता येत नाही. जागा कमी असेल तर नस्ख घ्यावे. ते सरळ ओळीवर बसते आणि बारीक अक्षरातही स्पष्ट राहते. कुरआन शरीफची छपाई आणि अरबी पुस्तके नस्खमध्येच असतात. सुलुस हे उंच, भारदस्त वळण. मशिदीच्या कमानीवर किंवा दावतनाम्याच्या माथ्यावर ते शोभते. पण पूर्ण मजकूर सुलुसमध्ये घातला तर पाहुण्याला तारीख शोधण्यातच वेळ जाईल. दीवानी हे उस्मानी दरबारातले नागमोडी अक्षर. अत्तराच्या बाटलीवर ते खुलते, पण त्यात पत्ता लिहू नये.

सुतार, जाळीवाले आणि फरशीवाले यांच्या कामाचे अक्षर म्हणजे कूफी. त्याच्या चौकोनी प्रकारात सगळ्या रेषा सरळ आणि कोपरे काटकोनी असतात. त्यामुळे ते लाकडात कोरायला, टाइल्समध्ये बसवायला, मशीनवर कापायला सोपे जाते. नस्तालीकच्या बारीक निमुळत्या टोकांचे लाकूड कापताना तुटते, हा अनुभव अनेक कारागिरांना असेल. दुकानाचे बोधचिन्ह करायचे असेल तरी कूफीचा विचार जरूर करावा.

मराठीकडे वळू. बोरूच्या वळणाचे, कुठे जाड कुठे बारीक असे अक्षर पुस्तकासाठी आणि लांब मजकुरासाठी उत्तम. पाटीसाठी आणि मोबाइलवरच्या जाहिरातीसाठी सगळीकडे सारख्याच जाडीचे अक्षर घ्यावे, कारण बारीक रेषा लांबून दिसत नाही आणि रात्री दिव्याच्या पाटीत तर पार विरून जाते. ‘मुक्त’ किंवा ‘बालू’ हे फॉन्ट या कामाला चांगले आहेत. त्यातला बालू गोलसर आणि ठळक, मिठाईच्या किंवा खेळण्यांच्या दुकानाला शोभेल असा. वकिलाच्या किंवा हिशेबनिसाच्या पाटीवर तो थट्टेचा वाटेल.

पाटीच्या बाबतीत कायद्याचेही भान हवे. महाराष्ट्रात २०२२ मधील दुरुस्तीने लहान दुकानांनाही देवनागरी मराठी पाटी बंधनकारक झाली आणि मराठी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान असू नयेत असे ठरले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील व्यापाऱ्यांना पालनासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. इथे एक फसगत होते. ऑपरेटर मराठी आणि इंग्रजी दोन्हींना एकच आकडा देतो आणि काम झाले समजतो. पण देवनागरीत त्याच आकड्यात वरची मात्रा आणि खालचा उकारही मावावा लागतो. म्हणून बऱ्याच फॉन्टमध्ये मूळ अक्षर इंग्रजीच्या मोठ्या अक्षरापेक्षा लहान दिसते. आकड्यावर न जाता पट्टी लावून मोजावे. मराठीसोबत उर्दू ठेवू नये असे मात्र कोणी सांगितल्यास घाबरण्याचे कारण नाही. अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीबरोबर उर्दू असण्याला घेतलेला आक्षेप सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये फेटाळला.

मराठी प्रूफात दोन जागा हटकून तपासाव्यात. ‘व्यापाऱ्यांसाठी’ या शब्दातला अर्धा र काही फॉन्टमध्ये डोक्यावरचा रफार होऊन बसतो आणि शब्द बिघडतो. दुसरे म्हणजे ल आणि श. हिंदीच्या सवयीने केलेल्या फॉन्टमध्ये त्यांचे वळण वेगळे असते. वाचता येते, पण पाटी परप्रांतीय वाटते.

इंग्रजीचे थोडक्यात सांगतो. अक्षरांच्या टोकांना छोटे पाय असलेला ‘टाइम्स’सारखा प्रकार मजकुराला आणि जवाहिऱ्याच्या कार्डाला, तर पाय नसलेला ‘हेल्व्हेटिका’सारखा प्रकार हार्डवेअर, ट्रान्सपोर्ट, गॅरेज यांना. हस्ताक्षरासारख्या वळणदार फॉन्टमध्ये सगळी कॅपिटल अक्षरे कधीही घालू नयेत. अनेक लग्नपत्रिकांवर वधूवरांची नावे अशीच घातलेली दिसतात आणि कोणालाही वाचता येत नाहीत.

प्रेसवाल्या बांधवांसाठी दोन गोष्टी. श्री-लिपी, आकृती यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये केलेली फाइल, तोच फॉन्ट नसलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. म्हणून छपाईला देताना अक्षरे कर्व्ह करून किंवा पीडीएफ करूनच द्यावीत. मात्र कर्व्ह केल्यावर चूक सुधारता येत नाही, तेव्हा मूळ फाइल जपून ठेवावी. दुसरे, फॉन्ट हीसुद्धा कोणाच्या तरी मेहनतीची मालमत्ता आहे. चोरीच्या सीडीवरून उतरवलेले फॉन्ट गिऱ्हाइकाच्या मालावर वापरणे कायद्याने अडचणीचे आणि हिशेबानेही अनावश्यक आहे. मुक्त, बालू, उर्दूसाठी नोटो नस्तालीक आणि गुलजार, अरबी नस्खसाठी अमीरी हे फॉन्ट व्यवसायातही विनामूल्य वापरण्याची परवानगी आहे.

आमच्या कार्डाचे पुढे काय झाले, ते राहिले. दुसऱ्या वेळी मजकूर इनपेजमध्ये करवून घेतला, पण वधूवरांची नावे एका वयोवृद्ध कातिबसाहेबांकडून लिहून घेतली आणि स्कॅन केली. त्यांनी आधी कलमाने कागदावर एक नुकता टेकवला आणि त्याच मापाने अलिफची उंची मोजली. ही नुकत्याच्या मापाची रीत इब्ने मुक्लांपासून, म्हणजे दहाव्या शतकापासून सांगितली जाते. नावे लिहिण्यापूर्वी त्यांनी नवऱ्या मुलाच्या नावाचे हिज्जे आम्हाला तीन वेळा विचारले. तिसऱ्या वेळी आम्ही जरा वैतागलो, तेव्हा म्हणाले, “कार्ड तुमचे आहे, पण लोक विचारतील ते कोणी लिहिले म्हणून.”